चित्राचीं अंगें आणि वऱ्हाडची रेघ



चित्रकलेसंबंधीं ध्वनिक्षेपकासमोर बसून बोलणें हा थोडा विलक्षणच प्रकार आहे. ज्या वस्तूचें सर्वस्व डोळ्यांनीं पाहण्यांत, ती कानांनीं ऐकावयाची! येथें फळा नाहीं, खडू नाहीं, आणि दाखवावयास चित्रहि नाहीं. तेव्हां आपणांस एक विनंति करतों. आपण ज्या खोलींत बसलां असाल तिच्या एखाद्या मोकळ्या भिंतीकडे क्षणभर पाहावें आणि नागपंचमीच्या सकाळीं भिंतीवर काढलेला नाग आठवावा. आजच्या भाषणाला तेवढें चित्र पुरेसें आहे.

माझी आजी पुसदेकडची. चुलीमागची भिंत शेणानें सारवून ती वाळली, कीं आजी एका काडीला कापूस गुंडाळी, तो चुन्याच्या पाण्यांत बुडवी, आणि शेपटापासून आरंभ करून एका दमांत फणेपर्यंत येई. हात मध्यें उचलीत नसे. वेटोळें चुकलें तर खोडण्याची सोय नव्हती. शिवाय चुना ओला असतांना भिंतीवर दिसतो न दिसतो, आणि वाळला म्हणजे पांढराशुभ्र उमटतो. त्यामुळें आपण काय काढलें हें तिला स्वतःलाहि थोड्या वेळानेंच कळे. शेवटीं दोन ठिपके डोळ्यांचे. डोळे दिले, कीं त्या भिंतीला टेकून बसण्याचें धैर्य आम्हां मुलांना होत नसे.

चित्रशाळेंत पहिल्या धड्यांत जें शिकवितात तें सारें या नागांत आहे. ठिपका आहे, रेघ आहे. रेघ स्वतःभोवतीं वळली आणि तिनें एक आकार वेढून घेतला. आकाराबाहेर जी सारवलेली भिंत उरली ती अवकाश. काळसर शेणावर पांढरा चुना, हा उजेड आणि काळोख यांतला भेद. सारवतांना बोटांचे जे पट्टे उमटले तो पोत. रंग म्हणावा तर एकच. इतक्या अल्प सामग्रींत चित्र उभें राहतें. मला आज जें म्हणावयाचें आहे तें एवढेंच, कीं हीं मूलतत्त्वें सर्व देशांत आणि सर्व काळीं तींच असतात. परंतु त्यांपैकीं कोणत्या तत्त्वाला चित्रकार पहिला मान देतो, यावरून शैली ठरते. पोशाख, दागिने, रंगांचा भडकपणा यांवरून शैली ओळखण्याची आपणांला संवय झाली आहे. ती केवळ वरवरची ओळख होय. आणि हा पहिल्या मानाचा प्रश्न आमच्या वऱ्हाडच्या इतिहासांत फार जुना आहे.

वात्स्यायनाच्या कामसूत्रावर यशोधर नांवाच्या पंडिताची 'जयमंगला' ही टीका आहे. हा यशोधर तेराव्या शतकांतला मानतात. चौसष्ट कलांची यादी समजावून देतांना तो आलेख्य, म्हणजे चित्रकला, या शब्दापाशीं थांबतो आणि चित्राचीं सहा अंगें सांगतो: रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजन, सादृश्य आणि वर्णिकाभंग. रूपभेद म्हणजे एका वस्तूचें रूप दुसरीहून वेगळें ओळखणें. पळसाचें पान मोठें आणि सागाचेंहि मोठें. परंतु पळसाचीं पानें तीन तीन मिळून येतात आणि सागाचीं समोरासमोर जोडीनें, हें ज्याच्या हाताला ठाऊक नाहीं त्याच्या चित्रांतलें रान हें कोणत्याहि मुलखांतलें रान होतें. प्रमाण म्हणजे मापांचा मेळ, पण माप म्हणजे फूटपट्टी नव्हे. तान्ह्या पोळ्याला मुलें जो लांकडी बैल ओढीत नेतात त्याचें वशिंड खऱ्या बैलाच्या मानानें मोठें केलेलें असतें, आणि म्हणूनच तो बैल वाटतो. सादृश्य म्हणजे सारखेपणा. वर्णिकाभंग या शब्दाचा अर्थ पंडितांनीं दोन-तीन प्रकारें लावला आहे. रंग आणि कुंचला चालविण्याचें कसब, एवढा घेतला तरी आपलें काम भागतें. भाव आणि लावण्य यांची व्याख्या मी करूं नये हेंच बरें. तीं दिसतात किंवा दिसत नाहींत.

या यादींत एक गोष्ट चमत्कारिक आहे. सहा अंगांत रेघेचें नांवच नाहीं! याचा उलगडा पुढें होईल.

हाच यशोधर आणखी एका ठिकाणीं आपल्या अगदीं जवळ येतो. कामसूत्रांत निरनिराळ्या देशांच्या राजवाड्यांतल्या रीतिभाती सांगतांना वात्सगुल्मक लोकांचा उल्लेख आला आहे. त्यावर टीका करतांना यशोधर सांगतो, कीं दक्षिणापथांत वत्स आणि गुल्म असे दोघे सख्खे भाऊ, राजपुत्र, होते. त्यांनीं वसविलेला प्रदेश तो वत्सगुल्म. भावांची ही कथा खरी असो वा नसो, वत्सगुल्म म्हणजे आजचें वाशीम, याविषयीं विद्वानांत आतां मतभेद नाहीं. राजशेखर कवीनें तर 'काव्यमीमांसेंत' विदर्भांतल्या या नगराला मदनाची क्रीडाभूमि म्हटलें आहे आणि काव्यपुरुषाचें लग्न तेथेंच लावून दिलें आहे.

आतां वाशीमचा आणि यवतमाळचा संबंध काय, असें कोणी विचारील. वाशीम आज स्वतंत्र जिल्हा आहे. तो १९९८ सालीं झाला. परंतु इंग्रजी अमलांत पूर्वींहि वाशीम जिल्हा होता आणि पुसद तालुका त्याच जिल्ह्यांत मोडत असे. यवतमाळ हें तेव्हां ज्या जिल्ह्याचें मुख्य ठिकाण होतें त्याला वणी जिल्हा म्हणत. १९०५ सालीं वऱ्हाडच्या जिल्ह्यांची फेररचना झाली. वाशीम जिल्हा मोडला, पुसद तालुका वणी जिल्ह्याला जोडला, आणि त्या जिल्ह्याचें नांव यवतमाळ झालें. म्हणजे आमच्या जिल्ह्याचा पश्चिमेकडचा भाग हा वाशीमचा जुना शेजार आहे. नकाशावरच्या रेघा अशा खोडतां येतात आणि पुन्हां काढतांहि येतात.

परंतु खरा संबंध याहून मोठा आहे, आणि तो एका ताम्रपटानें जुळविला. १९३९ सालीं वाशीम येथील पंडित वासुदेवशास्त्री धनागरे यांच्यामुळें एक जुना ताम्रपट उजेडांत आला. तो वाचून प्रथम विद्वानांपुढें मांडला तो यवतमाळचे डॉ. य. खु. देशपांडे आणि डॉ. महाजन यांनीं, त्याच वर्षीं कलकत्त्यास भरलेल्या भारतीय इतिहास परिषदेच्या अधिवेशनांत. महानुभाव वाङ्मयाचे संशोधक आणि यवतमाळच्या शारदाश्रमाचे कार्यकर्ते म्हणून देशपांड्यांचें नांव महाराष्ट्राला ठाऊक आहे. ताम्रपटाच्या या कामाबद्दल मात्र तें सहसा कोणी घेत नाहीं. पुढें नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं त्या लेखाचें पुन्हां साक्षेपानें संपादन केलें.

हा ताम्रपट वत्सगुल्माहून दिलेला आहे. देणारा राजा वाकाटक वंशांतला दुसरा विंध्यशक्ति, राज्यवर्ष सदतिसावें. वंशावळ संस्कृतांत आणि पुढचा बराच मजकूर प्राकृतांत. दान दिलेला गांव नंदिकट, म्हणजे आजच्या नांदेडकडच्या, भागांतला आहे. इतकें वाचून कोणाला वाटेल, कीं ब्राह्मणांना गांव दिल्याचा लेख, तो चित्रकलेच्या भाषणांत कशाला? त्याचें कारण असें. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्याच्या भिंतीवर एक मोठा शिलालेख आहे. त्यांत वाकाटक राजांची मालिका येते. पण लेख ठिकठिकाणीं झिजलेला. तो पूर्वीं बुलर साहेबांनीं वाचला तेव्हां एका राजाचें नांव रुद्रसेन असें लावलें गेलें, आणि त्यामुळें हे राजे नंदिवर्धनच्या मुख्य घराण्यांतले समजले गेले. वाशीमच्या ताम्रपटांत त्याच जागीं सर्वसेन हें नांव स्वच्छ निघालें. त्याच्या उजेडांत मिराशींनीं अजिंठ्याचा लेख पुन्हां पाहिला, तर तेथेंहि सर्वसेनच! वाकाटकांचें एक वेगळें घराणें वत्सगुल्माला नांदत होतें आणि अजिंठ्याच्या लेखांतले राजे त्या घराण्याचे होते, हें अशा रीतीनें सिद्ध झालें.

सोळावें लेणें खोदविणारा वराहदेव हा त्या घराण्यांतल्या हरिषेण राजाचा मंत्री. त्याच्या लेखांत लेण्याचें वर्णन करतांना खिडक्या, दारें, पायऱ्या यांच्याबरोबर सुंदर चित्रवीथींचाहि उल्लेख आहे. आपल्या लेण्यांत चित्रें आहेत हें नुसतें दिसून पुरेसें नाहीं, तें दगडावर कोरून ठेवण्याजोगें आहे, असें त्या मंत्र्याला वाटलें. हरिषेणाचा काळ पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांतला; वॉल्टर स्पिंक या अमेरिकन संशोधकानें अजिंठ्याचें हें दुसरें पर्व इसवी सन ४६० ते ४८० च्या सुमाराला बसविलें आहे. त्यावर वाद आहे, पण पांच-पंचवीस वर्षें इकडे-तिकडे झाल्यानें आपल्या विषयाला बाध येत नाहीं.

तर मग अजिंठा आमचा, असें म्हणावें काय? मोह होतो खरा. विशेषतः शैली या शब्दाचा विचार करतांना हा मोह फारच बळावतो, कारण संस्कृत साहित्यशास्त्रांत उत्तम शैलीला नांवच मुळीं आमच्या देशाचें आहे. वामनानें रीति हा काव्याचा आत्मा मानला आणि वैदर्भी, गौडी, पांचाली अशा तीन रीति सांगून वैदर्भीला अग्रपूजेचा मान दिला. प्राकृतांत तिलाच वच्छोमी, म्हणजे वत्सगुल्मी, म्हणत. लांब समास नाहींत, आवाजाचा खणखणाट नाहीं, थोडक्यांत आणि स्वच्छ बोलणें, हा तिचा स्वभाव. ज्या सर्वसेनाचें नांव ताम्रपटानें परत मिळवून दिलें तो स्वतः प्राकृत कवि होता. त्याचें 'हरिविजय' काव्य आज नष्ट झालें आहे, पण आनंदवर्धनासारख्या रसिकानें त्याचा उल्लेख केला आहे.

परंतु येथें कुंतक नांवाचा काश्मिरी पंडित आडवा येतो, आणि तो ऐकून घेतला पाहिजे. कुंतक म्हणतो, शैलीला देशाचें नांव देणें हीच चूक. मामेबहिणीशीं लग्न करणें ही देशाची चाल असूं शकते, कारण ती वडील माणसांकडून पुढें चालत येते. परंतु काव्य हें तशा चालीनें होत नाहीं. त्याला शक्ति लागते, व्युत्पत्ति लागते, अभ्यास लागतो, आणि हीं कोणत्याहि देशांत जन्मास येतात. मामेबहिणीचा दाखला महाराष्ट्रीय श्रोत्यांना चांगलाच पटेल! कुंतकाचें म्हणणें मला मान्य आहे. अजिंठ्याला राजे वत्सगुल्माचे, मंत्री वत्सगुल्माचा. पण कुंचला कोणाचा, हें तो लेख सांगत नाहीं. चित्रकारांपैकीं एकाचेंहि नांव आपणांस माहीत नाहीं. म्हणून मी एवढेंच म्हणेन, कीं ज्या दरबारांत थोडक्यांत पुष्कळ सांगणाऱ्या वाणीचा आदर होता, त्या दरबाराला थोडक्यांत पुष्कळ दाखविणाऱ्या रेघेची पारख असणें अगदीं साहजिक आहे.

आतां त्या रेघेकडे वळूं. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडांत चित्रसूत्र नांवाचें प्रकरण आहे. वज्र राजा विचारतो आणि मार्कंडेय ऋषि सांगतो, असा तो संवाद आहे. नृत्य जाणल्यावांचून चित्र कळावयाचें नाहीं, असें ऋषि राजाला बजावतो, ती गोष्ट प्रसिद्धच आहे. पण मला त्यांतलें दुसरें एक मत अधिक मोलाचें वाटतें. चित्राच्या कोणत्या गुणाला कोण वाखाणतो हें तेथें सांगितलें आहे: आचार्य रेघेला मान देतात, जाणकार छटेला, स्त्रिया अलंकारांना, आणि इतर जन रंगांच्या श्रीमंतीला. स्त्रियांसंबंधींचें मत त्या काळाचें आहे असें समजून आपण सोडून देऊं. भिंतीवर एका दमांत रेघ ओढणाऱ्या माझ्या आजीला तें लागूं पडत नाहीं. पण अनुक्रम पाहा. रेघ पहिली. यशोधराच्या सहा अंगांत तिचें नांव नाहीं याचा उलगडा मला येथें मिळतो. घराचीं दालनें मोजतांना कोणी पाया मोजीत नाहीं. रूपांचा भेद रेघ करते, माप रेघ ठरविते, सारखेपणा रेघ आणते. भाव आणि लावण्यहि पुष्कळसें तिच्याच बांकावर अवलंबून असतें.

अजिंठ्याचीं चित्रें कशीं काढलीं हें पाहिलें म्हणजे ही गोष्ट डोळ्यांना पटते. टाकीनें खडबडीत ठेवलेल्या कातळावर माती, शेण, भाताचें तूस असा गिलावा. त्यावर चुन्याचा पातळ हात. माझ्या आजीच्या भिंतीचें साहित्य याहून फार निराळें नव्हतें! गिलावा वाळल्यावर, डिंकासारख्या चिकट द्रव्यांत कालविलेल्या रंगांनीं चित्र काढीत. इटलींतल्याप्रमाणें ओल्या गिलाव्यावर नव्हे. रंग बहुतेक मातीचेच: गेरू, पिवळी माती, हिरवी माती, दिव्याची काजळी, आणि पांढरा. निळा तेवढा दूरचा, अफगाणिस्तानांतल्या बदख्शानच्या राजावर्त मण्याचा. आधीं गेरूच्या रेघेनें सारें चित्र आंखीत. मग अंगावर रंगाचे पातळ हात देत आणि नाक, ओंठ, हनुवटी अशा उंच भागीं उजेडाचा ठिपका ठेवीत. आणि सर्वांत शेवटीं, रंगानें बुजलेली रेघ पुन्हां गडद रंगानें ओढीत. म्हणजे चित्राचा आरंभ रेघेनें आणि शेवटहि रेघेनें. पहिल्या लेण्यांतल्या पद्मपाणीची भुंवई जवळून पाहावी. एका फटकाऱ्याची ती बांकदार रेघ आहे. ती कोठें जाड होते आणि कोठें बारीक होते, एवढ्यावर त्या मुखावरचें सारें कारुण्य तोललेलें आहे.

इंग्रज अधिकारी जॉन स्मिथ याच्या दृष्टीस हीं लेणीं १८१९ सालीं पडलीं, आणि मग निराळ्या शैलींत तयार झालेले हात या रेघेवर चालूं लागले. मेजर रॉबर्ट गिल यानें १८४४ पासून कित्येक वर्षें तेथें राहून तैलरंगांत मोठमोठ्या प्रती केल्या. त्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें टांगल्या होत्या. १८६६ च्या आगींत बहुतेक जळाल्या. गिल परत गेला नाहीं, त्याची कबर भुसावळला आहे. पुढें मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनीं आपल्या हिंदी विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ ते १८८५ हें काम पुन्हां पहिल्यापासून केलें. त्या प्रती साउथ केन्सिंग्टनला पाठविल्या, आणि १८८५ त तेथेंहि आग लागून त्यांतल्या पुष्कळ गेल्या. एकाच कामावर दोनदां आग! ग्रिफिथ्स यांनीं धीर न सोडतां १८९६-९७ त दोन मोठे ग्रंथ काढले म्हणून तरी कांहीं राहिलें. मूळ चित्रांना मात्र या भक्तीची थोडी किंमत द्यावी लागली. रंग उठून दिसावेत म्हणून प्रतिकारांनीं त्यांवर वार्निश दिलें, तें पुढें पिवळें पडलें. १९२० नंतर निजाम सरकारला इटलीहून तज्ज्ञ आणवून तीं सांवरावीं लागलीं.

ग्रिफिथ्स यांच्याविषयीं मला आदर आहे. परंतु त्यांच्या एका अभिप्रायाशीं माझें भांडण आहे. सोळाव्या लेण्यांत एक म्लान स्त्री मान टाकून बसली आहे. पूर्वीं तिला मरणोन्मुख राजकन्या म्हणत. आतां ती नंदाची पत्नी सुंदरी, पतीनें संन्यास घेतल्याची वार्ता ऐकून कोसळलेली, असें मानतात. या चित्राची स्तुति करतांना ग्रिफिथ्स यांनीं म्हटलें, कीं फ्लॉरेन्सच्या चित्रकारानें यांत रेखन अधिक चांगलें केलें असतें आणि व्हेनिसच्यानें रंग, पण यांतल्याहून अधिक भाव दोघांपैकीं कोणीहि ओतूं शकला नसता. वरवर ही मोठी स्तुति आहे. इटलींत फ्लॉरेन्स रेखनाला पहिला मान देई आणि व्हेनिस रंगाला, हा वाद सोळाव्या शतकापासूनचा. ग्रिफिथ्स यांनीं अजिंठ्याला त्या दोघांच्या शेजारीं तिसरें आसन दिलें, भावाचें. पण भाव हा रेघेपासून सुटा काढून कसा मोजावयाचा? त्या सुंदरीची मान जी कलंडली आहे ती रेघेनेंच कलंडली आहे. बोटें गळलीं आहेत, पापण्या जड झाल्या आहेत, त्या साऱ्या रेघा आहेत. शरीरशास्त्र आणि छायाप्रकाश यांवर पोसलेल्या डोळ्याला ती रेघ कच्ची वाटली. मग परिणाम तर पक्का दिसतो, तेव्हां तो भावाच्या खातीं मांडला!

हा शब्दच्छल नव्हे. त्याचा परिणाम प्रतींत दिसतो. तैलरंगांत केलेल्या प्रतींत शरीरें गोलाईनें भरून आलीं आहेत, कांठाची रेघ सांवलींत विरली आहे. माणसें जड झालीं आहेत. १९०९ ते १९११ च्या दरम्यान लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर नंदलाल बोस, असितकुमार हालदार इत्यादि तरुण चित्रकार अजिंठ्याला आले. त्यांनीं कागदावर पाणरंगांत, रेघ धरून, प्रती केल्या. त्या १९१५ त छापून निघाल्या. त्यांत सूक्ष्मपणा कमी आहे असें कोणी म्हणतात, पण त्यांतलीं माणसें हालतात. नंदलालांच्या हातांत ती रेघ आयुष्यभर राहिली. खानदेशांत फैजपूरला १९३६ सालीं काँग्रेस भरली तेव्हां बांबू आणि गांवांतल्याच सामानानें तें नगर यांनींच सजविलें होतें.

येथवर राजाश्रयाची कथा झाली. आमच्या जिल्ह्यांत राजांना न विचारतां चित्रें काढणारे लोकहि आहेत. केळापूर, झरी-जामणी, मारेगांव, राळेगांव, घाटंजी या भागांत गोंड, परधान, कोलाम यांची वस्ती आहे. परधान हे गोंडांचे परंपरागत भाट; वंशकथा गाणें हें त्यांचें काम. त्यांचेच भाईबंद मंडल्याकडे आहेत. त्यांपैकीं पाटनगढ गांवचा जनगढसिंह श्याम हा तरुण १९८१ च्या सुमारास भोपाळच्या भारत भवनाच्या मंडळींना घराच्या भिंती रंगवितांना आढळला. त्याचीं चित्रें जगभर गेलीं. २००१ सालीं जपानांत त्याचा अंत झाला. जनगढच्या शैलींत आकार अगदीं साधा, परंतु त्याचें पोट ठिपक्यांनीं, बारीक रेघांनीं, मासोळीच्या खवल्यांसारख्या खुणांनीं भरलेलें असतें. पहिला मान येथें पोताला आहे. चित्रसूत्रांत छटा देण्याचे जे तीन प्रकार आहेत त्यांतला एक बिंदुज, म्हणजे ठिपक्यांचा. पण नांव जुळलें म्हणून नातें जुळवूं नये. आज जी गोंड शैली म्हणून सर्वत्र दिसते ती मंडल्याच्या एका प्रतिभावंताच्या हातून चाळीसएक वर्षांपूर्वीं निघाली आहे. केळापूरच्या गोंडांची पिढीजात भिंत ती नव्हे. केळापूरची भिंत पाहावयाची तर केळापुरींच जावें लागेल. मंडला जिल्ह्यांतल्याच रानांत वाढलेले सय्यद हैदर रझा १९३९ ते १९४३ नागपूरच्या चित्रशाळेंत शिकले, पुढें पॅरिसला राहिले, आणि अखेर त्यांनीं एका मोठ्या काळ्या बिंदूला पहिला मान दिला. कुंतक म्हणतो तें असें खरें होतें: एका रानांतून दोन मार्ग.

वेळ संपत आली. एक गोष्ट सांगावयाची राहिली. आपल्या शाळांतून मुलें एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसतात. जिल्ह्यांतल्या लहान गांवांतूनहि बसतात, ही आनंदाची गोष्ट आहे. त्यांची तयारी करवितांना मीं पुष्कळदां पाहिलें आहे. तांब्या आणि दोन वांगीं पुढें ठेवतात. मूल भीतभीत फिकट रेघ काढतें. ती चार वेळां खोडतें. मग छटा भरूं लागलें म्हणजे शिक्षक सांगतात, कीं आतां कांठाची रेघ दिसूं देऊं नका, वस्तूला निसर्गांत कोठें कांठ असतो? युक्तिवाद बरोबर आहे. युरोपांतल्या एका शैलीचा तो युक्तिवाद आहे, आणि त्या शैलीनें मोठे चित्रकार दिले आहेत. परंतु ही एकच शैली आहे, चित्रकला नव्हे, हें त्या मुलाला कोणी सांगत नाहीं. रेघ म्हणजे बांधकामाची परांची, घर झालें कीं काढून टाकावयाची, असें समजून तें मोठें होतें. मग अजिंठ्याला सहलीला जातें आणि पद्मपाणीपुढें उभें राहून विचारतें, कीं याला शेडिंग कमी कां?

माझी सूचना लहान आहे. आठवड्यांतला एक तास खोडरबर पेटींत ठेवावें. काडीला कापूस गुंडाळून चुना किंवा गेरू घ्यावा, शाळेच्या मागची भिंत सारवावी, आणि मुलांना सांगावें, कीं शेपटापासून निघा आणि फणेपर्यंत हात उचलूं नका. पहिले वीस-पंचवीस नाग वांकडे येतील. चुना वाळेपर्यंत तें कोणाला कळणारहि नाहीं.